पाच हजारांचा रेझर



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, "प्राध्यापकांना दुसरे काही सुचले नाही काय?" मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि आज बोलणार आहे दाढीच्या रेझरविषयी. परंतु अर्थशास्त्र म्हणजे नुसते अंदाजपत्रक आणि परकीय चलन असे थोडेच आहे? सकाळी आरशापुढे उभा राहून माणूस जे दोन-चार रुपये खर्च करतो, त्यांचाही हिशेब कुणीतरी मांडायला हवा. भगिनींनीही रेडिओ बंद करू नये, कारण या गोष्टीची सुरुवात एका भगिनीच्याच तक्रारीने झाली.

गेल्या वर्षीची गोष्ट. पोळा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. गावाहून आमच्या वहिनींचा फोन आला. "भावोजी, तुमच्या पुतण्याला जरा समजवा. दाढीच्या यंत्राला म्हणे पाच हजार घालतोय. आणि तेही हप्त्यानं!"

हा पुतण्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यातल्या एका डोंगरी गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक आहे. मानधन महिना १६,००० रुपये. त्यातून खोलीचे भाडे, जेवणखाण, घरी आईला पाठवायचे ते वेगळे. रेझरची किंमत होती ४,८०० रुपये. म्हणजे सोळा हजारांतले तीस टक्के, म्हणजेच महिन्यातले नऊ दिवस. नऊ दिवस पोरांना बाराखडी आणि पाढे शिकवून मिळालेले पैसे एका रेझरात जाणार.

मी लगेच त्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, श्रावणभर दाढी ठेवली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काढली, तर मान सगळी सोलून निघाली. नेहमीच असं होतं, या वेळी जास्त झालं. वर्गातली पोरं विचारतात, गुरुजी, मांजरानं ओरबाडलं का? आता चांगल्यापैकी रेझर घेतल्याशिवाय इलाज नाही."

उपदेश करायला मी तोंड उघडले आणि तसेच मिटले. कारण माझ्याच न्हाणीघरातल्या फळीवर स्टेनलेस स्टीलचा एक रेझर होता, तीन वर्षांपूर्वी घेतलेला, किंमत ५,२०० रुपये. घरात ती किंमत मी ५२० सांगितली होती. एक शून्य वाटेत गाळले होते म्हणा ना. अशा माणसाने दुसऱ्याला काटकसर कोणत्या तोंडाने सांगावी? मी एवढेच म्हणालो, "दसऱ्यापर्यंत थांब. मी नीट बघून सांगतो."

आता ज्यांना ही वस्तू ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मी बोलतो आहे तो जुना सेफ्टी रेझर, ज्यात दोन्ही बाजूंना धार असलेले सपाट पाते बसते. याचे भाग तीन. वर कमानदार टोपी, खाली तळपट्टी आणि तिसरी मूठ. पाते टोपी आणि तळपट्टी यांच्यामध्ये ठेवून मूठ पिळली की पाते दोन्ही बाजूंनी किंचित वाकते. हे वाकणे फार महत्त्वाचे. सपाट पाते कागदासारखे लवते. वाकवून आवळले म्हणजे ते ताठ होते, आणि धार किती बाहेर डोकवावी, कातडीशी किती तिरपी लागावी, हे ठरून जाते. सगळी करामत एवढीच. रेझर स्वतः काही कापत नाही. तो पाते धरून ठेवतो.

हे यंत्र बाजारात आणले अमेरिकेतल्या किंग कँप जिलेट या फिरत्या विक्रेत्याने. बाटल्यांच्या पत्र्याच्या बुचांचा शोध लावणारा विल्यम पेंटर हा त्याचा मालक. त्याने जिलेटला सल्ला दिला होता, की वापरून फेकावी लागेल आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात येईल, अशी काहीतरी वस्तू काढ. १८९५ साली जिलेटला पातळ पात्याची कल्पना सुचली. पण एवढ्या पातळ पत्र्याला टिकाऊ धार लागेना. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवून दिले, तेव्हा कुठे १९०३ साली विक्री सुरू झाली. पहिल्या वर्षी खपले किती? रेझर ५१ आणि पाती १६८! पुढच्याच वर्षी मात्र रेझरांचा आकडा नव्वद हजारांवर गेला, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी पस्तीस लाख रेझर घेतले.

इथे एक कबुली द्यायला हवी. आम्ही अर्थशास्त्रवाले वर्गात जिलेटचे उदाहरण देतो ते असे, की रेझर जवळजवळ फुकट द्यावा आणि पैसा पात्यांवर कमवावा. मीही वर्षानुवर्षे तेच शिकवले. पण प्रत्यक्षात सुरुवातीला घडले ते उलट. पेटंट हाती होते तोवर जिलेटचा रेझर पाच डॉलरला होता, आणि तेव्हा ती रक्कम लहान नव्हती. १९२१ साली पेटंटची मुदत संपली, कुणालाही तसा रेझर बनवायची मुभा झाली, तेव्हा त्याच कंपनीने एक डॉलरचा रेझर काढला. म्हणजे चांगला रेझर कसा बनवावा यात गुपित असे १९२१ सालापासून काही उरलेले नाही. मग आज कुणी आपल्याकडे पाच हजार मागतो, तो कशाचे?

धातूचे आणि कामाचे. स्वस्त रेझर बहुधा जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून करतात आणि त्यावर क्रोमचा मुलामा देतात. मुलामा उडाला की आतले जस्त पांढरे पडते, खड्डे पडतात. टोपीच्या पोटातला आट्यांचा खिळा हा त्याचा सगळ्यात कच्चा भाग. फार आवळला किंवा फरशीवर पडला, की मोडतो. महाग रेझर स्टेनलेस स्टीलच्या सलग तुकड्यातून यंत्रावर कोरून काढतात. समुद्रावरच्या कामाला जे ३१६ जातीचे पोलाद वापरतात, ते पुष्कळदा यात असते. त्यावर मुलामाच नाही, मग उडणार काय? कोकणातली खारी हवा असो की आमच्या माण तालुक्यातले बोअरचे जड पाणी असो, त्याला फरक पडत नाही. हे सगळे खरे आहे. मात्र हेही ऐकून ठेवा, की जर्मनीतल्या नामांकित म्हणून तीन-तीन हजारांना मिळणाऱ्या पुष्कळशा रेझरांची डोकीसुद्धा जस्ताच्या मिश्रधातूचीच असतात. आणि आमच्या वडिलांचा पितळी रेझर पन्नास वर्षांचा झाला. त्याचा मुलामा जागोजाग गेला आहे, पण आजही त्याने दाढी होते.

आता पात्याकडे या, कारण दाढी करते ते पाते. हे पाते जाडीला मिलिमीटरचा दहावा भाग. लांबी-रुंदी सगळीकडे एकच, म्हणून कुठल्याही देशाचे पाते कुठल्याही रेझरात बसते. पूर्वीची पाती साध्या पोलादाची, ती लगेच गंजत. जुनी मंडळी पाते पुसून कोरडे करीत, काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला घासून त्याला पुन्हा धार आणीत, हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. १९६०च्या सुमारास स्टेनलेस पाती आली आणि तो व्याप संपला. आपल्याकडेही हा धंदा चांगला रुजला. टोपाझ, भारत, अशोक ही नावे घरोघर होती, ठाण्याला बनणारी सुपर-मॅक्सची पाती परदेशीही जात. सांगायचे कारण, तीन रुपयांचे आपले पाते हे काही कमअस्सल पाते नव्हे.

मग पाते बोथट होते कशाने? पोलादापेक्षा केस पन्नासपट मऊ आहे. तरी त्या मऊ केसाने धार जाते. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दिसले की धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक कपचे उडतात. केस वाकतो, धारेच्या कच्च्या जागी बाजूने दाब येतो आणि टवका निघतो. आता हा टवका रेझर पाच हजारांचा आहे म्हणून कमी निघेल काय? केस आधी पाण्याने मऊ झाला असेल, तर मात्र पात्यावरचा भार हलका होतो.

इतके पुस्तकी ज्ञान झाल्यावर मी प्रयोग करायचे ठरवले. तालुक्याच्या बाजारातून १८० रुपयांचा एक रेझर आणला. एकाच पुडीतली दोन नवी पाती दोन्ही रेझरांत घातली. चेहऱ्याची उजवी बाजू महाग रेझरने, डावी स्वस्त रेझरने, आणि दर आठवड्याला बाजू बदलायच्या. निकाल द्यायचे काम आमच्या दहा वर्षांच्या कन्येकडे. कोणती बाजू कशाची हे तिला ठाऊक नसे. ती बोटांच्या पाठीने दोन्ही गाल चाचपून सांगे आणि मी वहीत टिपून ठेवी.

पहिल्याच आठवड्यात स्वस्त रेझरने तीनदा रक्त काढले. मला वाटले, निकाल लागला. मग डोके डोळ्यांसमोर धरून बारकाईने पाहिले, तर पाते एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी डोकावत होते. टोपी मुळातच वाकडी ओतलेली. तो बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दुकानातून नीट पारखून २४० रुपयांचा आणला. त्यानंतर चोवीस दिवस प्रयोग चालला. अकरा दिवस कन्येने महाग बाजू जास्त गुळगुळीत म्हटली, नऊ दिवस स्वस्त बाजू, आणि चार दिवस, "सारखंच आहे, बाबा." नव्या स्वस्त रेझरने एकदाही कापले नाही. महाग रेझरने एकदा कापले, पण त्या दिवशी मला साडेसातची एसटी गाठायची होती.

एका माणसाच्या गालावरचा हा प्रयोग. शास्त्र म्हणून मी तो कुणापुढे मांडणार नाही. परंतु पाच हजार आणि अडीचशे यांत वीसपट अंतर आहे. तेवढे अंतर गालावर असते, तर दहा वर्षांच्या मुलीच्या बोटांना ते पहिल्याच दिवशी लागले असते.

या काळात सौभाग्यवती दोनदा म्हणाल्या, "५२० रुपयांच्या रेझरची एवढी परीक्षा कशाला?" तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा मी गाळलेले शून्य परत केले. त्यावर घरी काय संभाषण झाले, ते आजच्या विषयात येत नाही.

आता हिशेब. महाग रेझर विकणारे एक युक्तिवाद हमखास करतात, आणि माझा पुतण्याही त्यालाच भुलला होता. ते म्हणतात, तीन-चार पात्यांची तयार डोकी, ज्यांना कार्ट्रिज म्हणतात, ती घेत राहण्यापेक्षा आमचा रेझर एकदाच घ्या, दोन वर्षांत पैसे वसूल. हे खोटे नाही. समजा, एक कार्ट्रिज १५० रुपयांचे आणि ते तीन आठवडे वापरले. वर्षाला सतरा लागतील, म्हणजे २,५५० रुपये. साधे पाते तीन रुपयांचे, एकात पाच दाढ्या, रोज दाढी केली तर वर्षाला त्र्याहत्तर पाती, म्हणजे २१९ रुपये. वाचले वर्षाला २,३३१. तेव्हा पाच हजार सुमारे दोन वर्षांत वसूल होतात, खरेच होतात.

पण थांबा. ही बचत झाली कशामुळे? पात्यामुळे. पाच हजारांच्या रेझरमुळे नव्हे. २४० रुपयांचा रेझर घेतला तरी पाती तीच आणि बचतही तीच. फक्त त्याचे पैसे दोन वर्षांऐवजी दीड महिन्याच्या आत वसूल होतात. दुकानदार आपल्या महाग मालाची तुलना कार्ट्रिजशी करतो. शेजारच्या खणात ठेवलेल्या स्वस्त रेझरशी करीत नाही. बैलजोडी घेताना आपण असे फसत नाही. दुसरी जोडी बघितल्याशिवाय पैसे मोजतो काय आपण?

आणखी एक हिशेब पुतण्याला सांगितला, तो त्याला फार पटला. हेच पाच हजार रुपये सात टक्के व्याजाने ठेवले, तर वर्षाला ३५० रुपये येतात. त्यात तीन रुपयांची ११६ पाती बसतात आणि आपल्याला लागतात त्र्याहत्तर. मुद्दलाला हात न लावता पाती व्याजात, वर साबण.

तर मग माझे ५,२०० पाण्यात गेले काय? तसेही मी म्हणणार नाही. त्या रेझरने मला एक गोष्ट दिली. तो हाताला जड आहे. जड वस्तू माणूस दाबत नाही, तिला तिच्या वजनाने चालू देतो. न दाबता दाढी करायची सवय मला त्या रेझरने लावली, आणि आता हलक्या रेझरनेही माझा हात दाबत नाही. शिवाय काही महाग रेझरांत धारेपुढची फट कमी-जास्त करता येते, किंवा सोबत दोन-तीन तळपट्ट्या मिळतात. फार राठ दाढीच्या माणसाला एक सोसते, नाजूक कातडीच्या माणसाला दुसरी. ही सोय खरी आहे. आणि नीट घडवलेले हत्यार हातात धरण्याचा एक आनंद असतो. सुतारालाही असतो, मलाही आहे. त्या आनंदाचे पैसे कुणी आनंद म्हणून मोजले, तर माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती सोललेल्या मानेवर औषध म्हणून हप्त्याने मोजण्याला.

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या आमच्याकडे आला. मी त्याला म्हणालो, "तू दाढी कर, मी बघतो." तो झोपेतून उठला, नळाच्या गार पाण्याचा हबका तोंडावर मारला, थोडा फेस फासला आणि मानेवर खालून वर, केसांच्या उलट दिशेने, खसाखसा यंत्र ओढू लागला. यंत्र कार्ट्रिजचे होते. मी विचारले, "हे डोके कधी बदललेस?"

"आषाढात असेल, काका. महाग पडतं ना. आणि आमच्या तिकडे मिळत पण नाही."

चार महिने! बोथट पात्यांनी तो मान खरवडत होता आणि पाती चालत नाहीत म्हणून आणखी जोर लावत होता. कार्ट्रिज परवडत नव्हते म्हणून मान सोलत होती, आणि सोललेल्या मानेसाठी तो पाच हजारांचे कर्ज काढणार होता. साधे पाते घ्यायचा त्याचा विचार बरोबरच होता, चुकत होती ती फक्त रेझरची किंमत.

त्याला माझा २४० रुपयांचा रेझर दिला. आंघोळीनंतर दाढी करायला सांगितले, म्हणजे केसांना दोन-तीन मिनिटे पाणी मिळते. मानेवर बोटे फिरवून केस कुठल्या बाजूला वळतात ते आधी बघायचे आणि त्याच दिशेने रेझर न्यायचा. मूठ टोकाशी, दोन-तीन बोटांत धरायची, म्हणजे जोर लावायचा म्हटला तरी लागत नाही. पाच दाढ्या झाल्या की पाते बदलायचे, तीन रुपयांकडे बघायचे नाही. शेवटी तुरटीचा खडा. दुसऱ्या आठवड्यात मानेवरची लाली उतरली. कुरळे केस आत वाढून ज्या पुटकुळ्या होतात, त्या जायला महिना लागला.

तुम्हाला रेझर घ्यायचा असेल, तर दुकानातच पाते घालून बघा. डोके डोळ्यांच्या रेषेत धरा. दोन्ही बाजूंना धार सारखी डोकावते का, ते पाहा. मूठ सैल करून पुन्हा आवळा आणि पुन्हा पाहा. आटे अडखळत असतील तर परत द्या. एवढी परीक्षा उतरलेला रेझर अडीचशेचा असला तरी बिनदिक्कत घ्या, आणि न उतरलेला अडीच हजारांचा असला तरी घेऊ नका.

न्हाव्याकडे जाणाऱ्यांनी न्हाव्याकडेच जावे. बलुत्याच्या काळापासूनची ती ओळख मोडायला मी सांगत नाही. फक्त हल्ली त्याच्या वस्तऱ्यात हेच पाते अर्धे मोडून बसवतात, तेव्हा आपल्यासमोर नवे अर्धे पाते घालायला सांगा. जुन्या पात्यावरच्या रक्ताच्या अंशातून कावीळ आणि एड्ससारखे रोग पसरू शकतात. सांगायला संकोच वाटत असेल, तर आपले पाते खिशात घेऊन जा. तीन रुपयांचा तर प्रश्न आहे.

शेवटची एक गोष्ट, जनावरे असलेल्या घरांसाठी. वापरलेले पाते उकिरड्यावर किंवा परड्यात टाकू नका. ते वैरणीतून गाईच्या पोटात जाते, आणि शेण काढणाऱ्या बाईचा हात कापतो. पत्र्याचा एखादा जुना डबा घ्या, झाकणाला पाते जाईल एवढी चीर पाडा आणि जुनी पाती त्यात टाकत चला. पुतण्याने असा डबा आपल्या खोलीत ठेवला आहे. त्याचे मराठीत आणि पावरीत असे दोन्ही नाव लिहून, वर्गातल्या मुलांना तो दाखवायला नेला होता, असे परवाच्या फोनवर सांगत होता. मानेविषयी तो काही बोलला नाही, आणि मीही विचारले नाही.